गोल्फवर उपजीविका

खेळावर उपजीविका करणे ही गोष्ट महाराष्ट्राला अगदीच अपरिचित होती असे नव्हे. संस्थानिकांच्या पदरी पैलवान असत. त्यांच्या खुराकाची, तालमीची आणि म्हातारपणाचीही थोडीफार सोय दरबाराकडून होत असे. संस्थाने गेली, परंतु आश्रयाची कल्पना गेली नाही. दरबाराची जागा रेल्वेने, पोलीस खात्याने, लष्कराने आणि बँकांनी घेतली. आजही आपल्याकडील पुष्कळसे खेळाडू प्रथम नोकर असतात आणि मग खेळाडू असतात. खेळात अपयश आले तरी महिन्याच्या अखेरीस पगार येतो, हा त्यांच्या आयुष्याचा आधार असतो.

सांघिक खेळात आणखी एक आधार असतो. यवतमाळचे आकाश चिकटे हे हॉकीतील गोलरक्षक 2016 साली आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते, आणि पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोल राखण्याचे काम त्यांच्याकडेच होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील मुलगा तेथवर पोहोचतो याचे श्रेय त्याच्या कष्टांना तर आहेच. परंतु हॉकीच्या मुलाला मैदान एकट्याने शोधावे लागत नाही, प्रवासखर्च एकट्याने सोसावा लागत नाही, आणि एखादा दिवस वाईट गेला तर उरलेले दहाजण त्याला सांभाळून घेतात. निवड समिती, संघ आणि संस्था असे तिहेरी कुंपण त्याच्याभोवती असते.

व्यवसायी गोल्फपटूला ह्यांतले काहीच नसते. त्याला धनी नाही, संघ नाही, पगार नाही. प्रवास, मुक्काम, प्रवेशशुल्क, पिशवी वाहणाऱ्याची मजुरी हे सर्व त्याने आपल्या खिशातून करावयाचे आणि चार दिवसांच्या खेळानंतर जे हाती येईल तीच त्याची कमाई. पुष्कळदा हाती काहीच येत नाही. असा हा व्यवसाय कसा चालतो, आणि त्यात टिकणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण आता शहरातील सुशिक्षित घरांतूनही मुले व मुली ह्या व्यवसायाचे नाव काढू लागली आहेत.

प्रथम खेळ कसा आहे ते पाहू. गोट्या खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला गल ठाऊक असते. गोल्फ हा त्याच गलीचा, परंतु फार मोठ्या प्रमाणावरचा खेळ होय. गल सव्वाचार इंच व्यासाची. चेंडू जेमतेम चार तोळे वजनाचा. आणि चेंडू मारण्याची जागा व गल ह्यांत अंतर मात्र कधी दीडशे यार्ड, तर कधी साडेपाचशे. अशा अठरा गली एका फेरीत पुऱ्या करावयाच्या असतात. व्यावसायिक स्पर्धांच्या मैदानाची एकूण लांबी सात हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे सुमारे चार मैल भरते. खेळाडूजवळ जास्तीत जास्त चौदा काठ्या असाव्यात असा नियम आहे. लांबच्या टोल्याची काठी वेगळी, वाळूतून चेंडू काढण्याची वेगळी, आणि शेवटी हिरवळीवरून चेंडू गलीत ढकलण्याची वेगळी.

कुशल खेळाडूने प्रत्येक गल किती टोल्यांत पुरी करावी ह्याचा एक अंक ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. अठरा गलींचा पार बहुधा सत्तर ते बहात्तर असतो. ह्या हिशेबात एक गंमत आहे. प्रत्येक गलीसाठी हिरवळीवरचे दोन टोले धरलेले असतात. म्हणजे बहात्तरांपैकी छत्तीस टोले चेंडू हळूच ढकलण्याचेच. तीनशे यार्डांचा घणाघाती टोला आणि तीन फुटांवरून दिलेला हलका धक्का ह्या दोहोंची किंमत कागदावर सारखीच, एक. प्रेक्षक पहिल्यावर टाळ्या वाजवितो; खेळाडूचे पोट मात्र दुसऱ्यावरही तितकेच अवलंबून असते.

हा खेळ आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत का पसरला नाही, ह्याचे एक कारण जमिनीत आहे. अठरा गलींच्या मैदानाला सव्वाशे एकरांच्या आसपास जागा लागते. यवतमाळकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पाच एकरांचे कपाशीचे शेत डोळ्यांपुढे आणले तर अशी पंचवीस शेते एकत्र केल्यावर एक मैदान होईल. आणि त्यावर बारमाही हिरवळ राखावयाची म्हणजे पाण्याचा प्रश्न वेगळाच. हिंदुस्थानात हा खेळ इंग्रज व्यापाऱ्यांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा. पुढे जेथे छावणी होती, जेथे साहेब लोकांची वस्ती होती, तेथे मैदाने झाली. कापसाच्या पेठा असलेल्या जिल्ह्यांकडे हा खेळ फिरकला नाही.

तथापि क्लबाच्या कुंपणाच्या आत आणखी एक वर्ग होता. साहेबाची पिशवी वाहणारा कॅडी आणि हिरवळ कापणारा माळी हे दोघे दिवसभर हाच खेळ पाहत असत. आपल्याकडील व्यावसायिक गोल्फचा पाया पुष्कळ अंशी ह्याच वर्गाने घातला. भारतीय ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा 1964 साली सुरू झाली; पुढच्याच वर्षी पी. जी. सेठी ह्या हौशी खेळाडूने ती जिंकली. परंतु व्यवसायी भारतीयाला तो मान मिळण्यास 1991 साल उजाडावे लागले. तो मान मिळविणारे अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करीत वाढले होते, आणि 1993 साली त्यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. कलकत्त्याच्या मैदानावरील माळ्याचे पुत्र शिवशंकरप्रसाद चौरसिया ह्यांनी 2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकून युरोपीय दौऱ्यात स्थान मिळविले, आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले.

व्यवसायी खेळाडूला समाजात मान मिळण्यासही काळ जावा लागला, आणि ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत पूर्वी व्यवसायी म्हणजे क्लबाचा नोकर. काठ्या दुरुस्त करणारा, सभासदांना शिकविणारा. हौशी सभासद पुढच्या दाराने आत जात, व्यवसायी बाहेर कपडे बदलत. 1920 साली अमेरिकन ओपन स्पर्धेच्या वेळी ओहायो प्रांतातील इन्व्हर्नेस क्लबाने आपल्या इमारतीचे दार व्यवसायी खेळाडूंना उघडले, तेव्हा कृतज्ञता म्हणून खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबाला एक मोठे घड्याळ भेट दिले. आज लक्षावधी डॉलरांची बक्षिसे मिळविणाऱ्या ह्या पेशाची प्रतिष्ठा शंभर वर्षांहून फारशी जुनी नाही.

आता कमाईचा हिशेब. व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवसांची असते. रोज अठरा गली, एकूण बहात्तर. पहिल्या दोन दिवसांनंतर एक रेषा ओढली जाते, तिला कट म्हणतात. शंभर-सव्वाशे खेळाडूंपैकी पन्नास-साठ रेषेच्या वर राहतात. बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधतात. त्यांना साधारणतः एक पैही मिळत नाही. भाडे गेले, मुक्कामाचा खर्च गेला, कॅडीची मजुरी तर द्यावीच लागते. वर राहिलेल्यांतही वाटणी समान नसते. अमेरिकन दौऱ्यावर रूढ असलेल्या प्रमाणानुसार एकूण रकमेपैकी विजेत्यास 18 टक्के, दुसऱ्यास सुमारे 11, तिसऱ्यास सुमारे 7, आणि पन्नासाव्यास जेमतेम पाव टक्का मिळतो. शिवाय ज्याने पिशवी वाहिली त्याला विजयाच्या रकमेतून दहावा हिस्सा देण्याची रूढी आहे.

एका टोल्याची किंमत ह्यावरून ध्यानात येते. पुण्यात 1987 साली जन्मलेले अनिर्बान लाहिरी हे लष्करी डॉक्टरांचे चिरंजीव. वडिलांनीच त्यांना वयाच्या आठव्या वर्षी हा खेळ शिकविला. मार्च 2022 मध्ये अमेरिकेतील प्लेअर्स चॅम्पियनशिप ह्या मोठ्या स्पर्धेत ते दुसरे आले. विजेता कॅमेरॉन स्मिथ आणि लाहिरी ह्यांच्यात बहात्तर गलींनंतर फरक होता केवळ एका टोल्याचा. विजेत्यास 36 लक्ष डॉलर मिळाले, लाहिरी ह्यांना सुमारे 21 लक्ष 80 हजार. म्हणजे एका टोल्याने सुमारे 14 लक्ष डॉलरांचे अंतर पाडले. ह्या उदाहरणातील आकडे डोळे दिपविणारे आहेत; पण तोच एक टोला कटाच्या रेषेवर उभ्या असलेल्या सामान्य खेळाडूच्या बाबतीत परतीचे भाडे सुटेल की नाही हे ठरवितो, आणि त्याच्या घराला तो अधिक जाणवतो.

भारतात व्यवसायी खेळाडूंचा देशी दौरा, म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, 2006 साली स्थापन झाला. त्यात प्रवेश मिळविण्यासाठी पात्रता-परीक्षेसारखी स्पर्धा असते; तीत वरच्या क्रमांकात आलेल्यांनाच वर्षभर खेळण्याचा पूर्ण हक्क मिळतो. वर्षाच्या अखेरीस कमाईच्या क्रमाने यादी लागते, आणि यादीत जो फार खाली गेला त्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागते. म्हणजे ह्या नोकरीत कायम होणे असे नाहीच; प्रत्येक वर्ष हे उमेदवारीचे वर्ष.

ह्याच देशी दौऱ्यावर नाव कमावलेले पुण्याचे उदयन माने ह्यांची कारकीर्द ह्या व्यवसायाचे स्वरूप चांगले दाखविते. 2021 सालापर्यंत त्यांच्या नावावर ह्या दौऱ्यातील दहाच्या आसपास विजेतेपदे जमा झाली होती, आणि 2020 च्या आरंभी त्यांचा खेळ ऐन भरात होता. तोच मार्च महिन्यात करोनाची साथ आली. देशी दौरा कित्येक महिने बंद पडला. आशियाई दौरा तर नोव्हेंबर 2021 पर्यंत सुरू झालाच नाही.

ह्या खंडाचा अर्थ कळण्यास जागतिक क्रमवारीची रीत पाहावी लागेल. खेळाडूने मागील दोन वर्षांत मिळविलेल्या गुणांची सरासरी काढून हा क्रम लावतात. मिळविलेले गुण काही आठवड्यांनंतर हळूहळू झिजू लागतात आणि दोन वर्षांनी नाहीसे होतात. बँकेतील ठेवीवर व्याज चढते. येथे मात्र ठेव आपोआप आटत जाते, आणि ती भरून काढण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे खेळणे. साथीच्या आरंभी क्रमवारी काही काळ गोठविण्यात आली होती. परंतु अमेरिका-युरोपातील दौरे सुरू होताच ती पुन्हा चालू झाली. ज्यांचा दौरा सुरू होता ते गुण मिळवीत राहिले. ज्यांचा दौरा बंद होता त्यांचा क्रम घरी बसून घसरत राहिला. दोष कोणाचाच नव्हता, पण किंमत एका बाजूलाच पडली.

ऑलिंपिकची निवड ह्याच क्रमवारीवरून होते. गोल्फ हा खेळ 1904 नंतर थेट 2016 साली ऑलिंपिकमध्ये परत आला. पुरुषांसाठी जागा साठ. पहिल्या पंधरांत असतील तर एका देशाचे चारपर्यंत खेळाडू घेतात. त्याखाली मात्र एका देशाचे दोनच. त्यामुळे अमेरिकेसारख्या देशाचे कितीतरी नामांकित खेळाडू बाहेर राहतात आणि क्रमवारीत तीनशेच्या खाली असलेल्यालाही आत येण्यास वाव मिळतो. जून 2021 मध्ये यादी लागली तेव्हा लाहिरी तिच्या अगदी शेवटच्या टोकाला होते, आणि माने यादीबाहेर, राखीव खेळाडूंत. दोघेही तेव्हा जगात साडेतीनशेच्या आसपास. पुढे जुलैमध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो ह्यांनी माघार घेतली आणि ती जागा माने ह्यांच्याकडे आली.

ह्याला दैव म्हणणारे म्हणतील. एका परदेशी खेळाडूने नाही म्हटले म्हणून एका मराठी आडनावाच्या खेळाडूला ऑलिंपिकचे दार उघडले, हे खरेच आहे. परंतु ग्रिलो ह्यांची जागा रिकामी झाली तेव्हा ती घेण्यासाठी रांगेच्या तोंडाशी कोण उभा होता, हा प्रश्न दैवाने सोडविला नव्हता. तो अनेक वर्षांच्या शुक्रवारांनी, कट पार केलेल्या आणि हुकलेल्या स्पर्धांनी, आणि साथीपूर्वी साठविलेल्या गुणांनी सोडविला होता. मानेंच्या पुढे दोन-तीन टोले कमी-अधिक झाले असते तर त्या रांगेत दुसराच कोणी उभा असता. योग प्रत्येकाच्या दारी येतो असे नाही. आला तर घरी असावे लागते, एवढे मात्र मनुष्याच्या हाती आहे.

टोकियोजवळील कासुमिगासेकी येथील मैदानाचा पार होता 71. पहिल्या दिवशी माने ह्यांना 76 टोले लागले, आणि साठांच्या यादीत त्यांचे नाव तळाला गेले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर ते 69 टोल्यांत खेळून आले. ऑलिंपिकमध्ये कट नसतो, म्हणून त्यांना चारही दिवस खेळता आले. अखेरीस ते छप्पन्नावे आले, आणि लाहिरी बेचाळीसाव्या स्थानावर. वर्तमानपत्रांत ह्या दोन अंकांची बातमी दोन ओळींची झाली. परंतु देशभर ज्याच्याकडे डोळे लागले आहेत अशा जागी पहिल्या दिवशी सर्वांत शेवटी राहून दुसऱ्या सकाळी सात टोल्यांनी सुधारणे, हे ह्या व्यवसायातील खरे कसब होय. विजय वर्षातून एखादा मिळतो. वाईट दिवसानंतरची सकाळ वर्षातून वीस-पंचवीस वेळा येते.

त्याच स्पर्धेने एका टोल्याचे महत्त्व आणखी तीनदा दाखविले. पुरुषांत झँडर शॉफेले 266 टोल्यांनी सुवर्णपदकाचे मानकरी झाले. स्लोव्हाकियाचे रॉरी सॅबाटिनी 267 टोल्यांनी रौप्यावर राहिले. कांस्यपदकासाठी तर सातजण एकाच अंकावर थांबले, आणि जादा गली खेळून तैवानचे सी. टी. पान ह्यांनी ते जिंकले. उरलेले सहाजण रिकाम्या हाताने परतले. आठवडाभराने स्त्रियांच्या स्पर्धेत बंगळूरच्या अदिती अशोक, ज्यांचा जगातील क्रम तेव्हा दोनशेवा होता, त्या चौथ्या आल्या. पदकाच्या झुंजीपासून त्या केवळ एका टोल्याने दूर राहिल्या. त्या आठवड्यात त्यांची पिशवी वाहत होत्या त्यांच्या मातोश्री.

शेवटचा हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. गोल्फपटूला धनी नसतो, संघ नसतो. म्हणून त्याच्यामागे घर असावे लागते. कोठे वडील शिक्षक होतात, कोठे आई पिशवी वाहते, कोठे क्लबातला माळी मुलाच्या हाती मोडकी काठी देतो. सव्वाशे एकरांचे मैदान आणि वर्षानुवर्षांचा खर्च ज्यांच्या आवाक्यात नाही अशा घरांसाठी हा मार्ग अद्याप अरुंदच आहे, हे मान्य केले पाहिजे. कॅडीच्या वाटेने आलेल्यांनी तो थोडा रुंद केला, तरी जिल्ह्याच्या गावातून निघालेल्या मुलासाठी अजून तो सहज झालेला नाही.

ह्या धंद्यात एक दिलासाही आहे. कुस्ती किंवा हॉकी ह्यांत तिशी उलटली की संध्याकाळ जवळ येते. गोल्फमध्ये तसे नाही. 2021 साली फिल मिकेलसन ह्यांनी पन्नासाव्या वर्षी जगातील चार प्रमुख स्पर्धांपैकी एक जिंकली, आणि पन्नाशीनंतरच्या खेळाडूंसाठी तर वेगळे दौरेच आहेत. तेव्हा ज्या घरात ह्या व्यवसायाचा विचार होत असेल तेथे मुलगा किती लांब चेंडू मारतो हे पाहण्यापेक्षा, दोन-चार वर्षे एकही मोठे बक्षीस न मिळता खर्च चालविता येईल काय, शिक्षण अर्धवट न टाकता सराव होईल काय, आणि शुक्रवारी रिकाम्या हाताने परतलेला मुलगा सोमवारी पुन्हा मैदानावर जातो काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पालकांनी द्यावयाची आहेत, तिसऱ्याचे मुलाने. ती तिन्ही होकारार्थी असतील तर चार तोळ्यांचा तो चेंडू एका घराचा भार पेलू शकतो.